साडेसहा वर्षांच्या लेकीला घरी लॅटिन शिकवायचं आहे, कुठून सुरुवात करू?

टाइनकाठ

नमस्कार मंडळी. विषय जरा विचित्र आहे, पण इथे संस्कृतवाले बरेच आहेत म्हणून विचारते.

आम्ही इंग्लंडच्या ईशान्येला न्यूकॅसलजवळ राहतो. इथून पश्चिमेला तासाभराच्या अंतरावर विंडोलांडा नावाचा रोमन किल्ला आहे. १९७३ पासून तिथल्या चिखलात शाईने लिहिलेल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडत आहेत. पोस्टकार्डाएवढ्या. रेशनच्या याद्या, रजेचे अर्ज, उधारीच्या कटकटी, सगळं लॅटिनमध्ये. त्यात इ.स. १००च्या सुमारास क्लाउदिया सेवेरा नावाच्या बाईने किल्लेदाराच्या बायकोला, लेपिदिनाला, पाठवलेलं वाढदिवसाचं आमंत्रण आहे: ११ सप्टेंबरला नक्की ये. मजकूर कारकुनाने लिहिलाय आणि शेवटच्या ओळी बाईंनी स्वतःच्या हाताने. लेकीला हे समजल्यापासून "मला ते पत्र वाचायचंय" हा धोशा सुरू आहे.

इंग्लंडात २०१४ पासून सात ते अकरा वर्षांच्या मुलांना एक परकी भाषा सक्तीची आहे आणि ती लॅटिन किंवा ग्रीक असली तरी चालते. पण आमच्या शाळेने फ्रेंच घेतलंय, म्हणजे लॅटिन घरीच. माझं लॅटिन शून्य. आठवी ते दहावी संपूर्ण संस्कृत होतं, तेवढीच शिदोरी. नवऱ्याने "तू शिकव, मी ऐकतो" असं सांगून हात झटकलेत.

प्रश्न असे: वय फार लहान आहे का? पुस्तक कोणतं? उच्चार कुठले धरायचे?

होमस्कूलवाली

ताई, अगदी योग्य धागा काढलात. आम्ही न्यू जर्सीत मुलांना घरीच शिकवतो. इथे घरी शिकवणाऱ्यांमध्ये 'क्लासिकल' पंथ मोठा आहे आणि त्यात लॅटिन जवळजवळ सोवळ्यासारखं पाळतात. याचं मूळ डोरोथी सेयर्स या लेखिकेच्या १९४७च्या एका भाषणात आहे. रहस्यकथा लिहिणाऱ्या, त्याच त्या. लहान मुलं पोपटपंचीच्या वयात असतात, त्यांना घोकायला आवडतं, तर त्याच वयात लॅटिनची रूपं घोकून घ्या, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा साडेसहा वर्षं म्हणजे या पंथाच्या हिशेबाने उशीर नाही आणि घाईही नाही.

आमच्याकडे थोरल्यासाठी 'प्रिमा लातिना' वापरलं. धडे छोटे, आईला लॅटिन येत नाही असं गृहीत धरून लिहिलेले. मात्र त्यात ख्रिस्ती प्रार्थना पाठ करायच्या असतात. आमच्या सासूबाई सुट्टीत आल्या होत्या, त्यांनी नातवाला 'पातेर नोस्तेर' म्हणताना ऐकलं आणि दोन दिवस घरात थंडी पडली. धाकटीसाठी मग गाण्यांचं पुस्तक घेतलं. तुम्ही इंग्लंडात आहात तर 'मिनिमुस' बघा, केंब्रिजचं आहे, १९९९चं. त्यातला उंदीर तुमच्या विंडोलांडातच राहतो! लेपिदिना, तिचा नवरा, मुलं, मांजर, सगळे चित्रकथेत भेटतात.

एक धोक्याची सूचना. इंग्लंडची आणि अमेरिकेची पुस्तकं एकत्र करू नका. विभक्तींचा क्रमच वेगळा असतो. अमेरिकेत प्रथमेनंतर षष्ठी येते, इंग्लंडात प्रथमा, संबोधन, द्वितीया असं जातं. पोराने एका क्रमाने पाठ केलं आणि पुढचं पुस्तक दुसऱ्या क्रमाचं निघालं की रडारड.

जुनाजाणता

इंग्लंडचा क्रम आपणांस जवळचा आहे. द्वितीया प्रथमेच्या शेजारी असल्याने नपुंसकलिंगातील साम्य (फलम्, फलम्) लगेच दिसते; लॅटिनमध्येही नपुंसकाची प्रथमा आणि द्वितीया सारखीच असते.

मी सांगलीत तीस वर्षे संस्कृत शिकविले. माझे मत स्पष्ट आहे. आधी पाठांतर, मग अर्थ. 'रामः रामौ रामाः' म्हणताना कोणालाही काही कळत नसते, पण पंधराव्या वर्षी श्लोक समोर आला की रूप आपोआप ओळखू येते. मुलीस रोज एक शब्द चालवून घ्या. मेन्सा (टेबल), मेन्सा, मेन्साम. द्विवचन नाही, म्हणजे एक तृतीयांश काम कमी.

फटकळ

धागाकर्तीला एकच प्रश्न. मुलीला मराठी वाचता येतं का?

ग्रंथकीटक

@जुनाजाणता सर, नेमका 'मेन्सा' हाच शब्द घेतलात! चर्चिलने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. सात वर्षांचा असताना बोर्डिंगच्या पहिल्याच दिवशी त्याला मेन्सा चालवायला बसवलं. त्याने पाठ केलं आणि मास्तरांना विचारलं, 'हे टेबला' म्हणजे काय? मास्तर म्हणाले, टेबलाशी बोलायचं असेल तेव्हा वापरायचं. हा म्हणाला, पण मी कधी टेबलाशी बोलत नाही. त्यावर उद्धटपणाबद्दल शिक्षेची धमकी मिळाली.

घरी लॅटिन शिकवण्याची खरी टोकाची गोष्ट मोंतेन्य या निबंधकाराची. जन्म १५३३, फ्रान्स. वडिलांनी एक जर्मन शिक्षक ठेवला, ज्याला फ्रेंचचा गंधही नव्हता. बाळाशी लॅटिनखेरीज काहीही बोलायचं नाही असा घराला हुकूम. आई, नोकर, मोलकरणी, सगळ्यांनी कामापुरती लॅटिन वाक्यं शिकून घेतली. सहा वर्षांचा होईपर्यंत त्याने फ्रेंच ऐकलं नव्हतं. ना व्याकरण, ना छडी. मग शाळेत घातल्यावर ते लॅटिन बिघडत गेलं, असं तो स्वतःच सांगतो.

दुसरं टोक जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाचं. बापाने तिसऱ्या वर्षी ग्रीक सुरू केलं, आठव्या वर्षी लॅटिन, आणि शिकलेलं लगेच धाकट्या बहिणीला शिकवायची जबाबदारीही टाकली. विसाव्या वर्षी पोरगा मनाने पार कोसळला. (अवांतर: हा बाप म्हणजेच जेम्स मिल. भारतात पाऊल न ठेवता, इथली एकही भाषा न शिकता त्याने हिंदुस्थानचा जाडजूड इतिहास लिहिला.)

तिसरं उदाहरण आपल्याकडचं. अरविंद घोष सात वर्षांचे असताना त्यांना भावांबरोबर मँचेस्टरला ड्रुएट नावाच्या पाद्र्याकडे ठेवलं. भाऊ शाळेत गेले. धाकट्या अरविंदांना ड्रुएटने घरीच लॅटिन शिकवलं, तेही इतकं पक्कं की पुढे केंब्रिजला अभिजात भाषांच्या परीक्षेत ते पहिल्या वर्गात आले.

फटकळ

आणि त्याच अरविंदांना बंगाली येत नव्हतं. आधी आयसीएसच्या उमेदवारीत थोडं शिकले, मग बडोद्याला नोकरीत असताना मास्तर ठेवून आपली मातृभाषा शिकावी लागली. मराठी आणि संस्कृतही तिथेच शिकले. ग्रंथकीटकराव, उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत. आभार.

माझ्या प्रश्नाला उत्तर अजून आलेलं नाही.

टाइनकाठ

@फटकळ, नाही येत. बोलते, पण कसं? "मी शाळाला गेली", "आजीचा घरी". बाराखडीचं पुस्तक आहे, 'ख'पर्यंत पोचलोय. टोचणी मलाही आहेच. पण ती स्वतःहून लॅटिन मागतेय आणि मराठीसाठी मी मागे लागतेय, हा फरक आहे ना?

हायडलबर्गी

आमच्या जर्मनीत मुलगा सहावीपासून लॅटिन शिकतोय. इथे अजूनही लाखो मुलं लॅटिन घेतात. आईबापांचं कारण ठरलेलं: डोकं तल्लख होतं, बाकीच्या भाषा सोप्या जातात.

यावर जरा थंड पाणी. अमेरिकेत थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकातच हजारो विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेऊन तपासलं होतं. लॅटिनने एकूण बुद्धी वाढते याला आधार मिळाला नाही. २००३ मध्ये हाग आणि श्टेर्न यांनी जर्मन विद्यार्थ्यांचे दोन गट घेतले. एकाने शाळेत लॅटिन केलेलं, दुसऱ्याने फ्रेंच. दोघांनाही नव्याने स्पॅनिश शिकवलं. फ्रेंचवाले पुढे गेले; लॅटिनवाल्यांच्या व्याकरणाच्या चुका जास्त निघाल्या. तेव्हा मूल हुशार व्हावं म्हणून शिकवणार असाल तर बुद्धिबळ शिकवा किंवा झोपू द्या. पत्र वाचायचंय म्हणून शिकवणार असाल तर ते कारण मला फार आवडलं.

होमस्कूलवाली

@हायडलबर्गी, पण इंग्रजी शब्दसंग्रह तरी वाढतोच ना? माझ्या मुलाला 'अ‍ॅक्वेरियम' आणि 'अ‍ॅक्वाडक्ट'चं नातं आपोआप कळलं.

हायडलबर्गी

शब्दसंग्रहाला मदत होते, ते मान्य. ती सरसकट हुशारी नव्हे, एवढंच म्हणणं.

अपादान

उशिरा आलो. भाषा हाच माझा धंदा आहे म्हणून जरा लांब लिहितो.

वयाची काळजी सोडा. खरा प्रश्न कुणी विचारलाच नाही: समजावून कोणत्या भाषेत सांगणार? सगळी पुस्तकं इंग्रजीतली, म्हणजे तुम्ही इंग्रजीतून सांगणार. माझं म्हणणं, मराठीतून सांगा. भावनेपोटी म्हणत नाहीये, कामाचं बोलतोय.

लॅटिन शिकवताना इंग्रज मुलांची निम्मी शक्ती ज्या गोष्टी कळण्यात जाते, त्या मराठी मुलाच्या तोंडात आधीच असतात. टेबलाला लिंग असतं हे त्यांना अजब वाटतं. आपल्याकडे तो, ती, ते तिन्ही आहेत, लॅटिनमध्येही तिन्ही. (जुळतीलच असं नाही. मेन्सा स्त्रीलिंगी, आपलं टेबल नपुंसक. पण टेबलाला 'ते' का म्हणायचं असं मराठी मूल विचारत नाही.) इंग्रजीतले 'अ' आणि 'द' लॅटिनमध्ये नाहीत, आपल्यातही नाहीत. क्रियापद सहसा शेवटी, आपल्यासारखंच. कर्ता बोलून दाखवायची गरज नाही: 'आमो' म्हणजे 'प्रेम करते', मी आपोआप आला.

आता मुख्य गोष्ट, विभक्ती. इंग्रजीत कुत्रा मांजरीला चावला की मांजर कुत्र्याला, हे शब्दांच्या जागेवरून कळतं. मराठीत 'ला'वरून कळतं. चित्रांची कार्डं करा. कानिस, फेलेम, मोर्देत: कुत्रा मांजरीला चावतो. कार्डं उलटी मांडा, फेलेम कानिस मोर्देत. मांजरीला कुत्रा चावतो. अर्थ तोच. आता कार्डं बदला: फेलेस, कानेम. आता मांजर चावतेय! इंग्रजीतून हे समजवायला आठवडा जातो. मराठीतून पोरगी खिदळत दहा मिनिटांत करेल, आणि 'म' म्हणजे आपला 'ला' हे तिचं तीच सांगेल.

लॅटिनची अवघड विभक्ती म्हणजे अब्लातिवुस. इंग्रजी पुस्तकं तिथे 'बाय, विथ, फ्रॉम, इन' अशी माळ लावतात. आपल्याला सांगता येतं की तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी एकाच घरात राहायला आल्या. ग्लादिओ, तलवारीने. रोमा (शेवटचा आ दीर्घ), रोमहून. इन होर्तो, बागेत. ने, हून, त.

आणि हे करताना "शाळाला गेली" आपसूक दुरुस्त होईल. 'ला'चं काम नेमकं काय हे तिला लॅटिनसाठी कळून घ्यावंच लागणार आहे.

फटकळ

अपादान, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. लॅटिनसाठी मराठी शिकणार, म्हणजे उलटी गंगा. पण वाहतेय तरी. माझा आक्षेप अर्धा मागे.

जुनाजाणता

मराठीतून शिकवावे हे पटले. परंतु कार्डांचा खेळ संपल्यावर कोष्टक पाठ करावेच लागेल, हे लिहून ठेवा. 'स ला ते, स ला ना ते' ही आम्ही घोकलीच होती.

अपादान

सर, पाठ करू दे की. फक्त क्रम उलटा ठेवू. 'ला' आपण सगळे दुसऱ्या वर्षी शिकलो, 'स ला ते' शाळेत गेल्यावर. डॅनिश शिक्षक ओरबेर्ग यांचं लॅटिनचं पुस्तक याच पद्धतीचं आहे. पहिलं वाक्य 'रोमा इन इतालिया एस्त', पुढेही भाषांतर कुठेच नाही, सगळं लॅटिनमधूनच कळत जातं. कोष्टक धड्याच्या शेवटी येतं, तोवर रूपं ओळखीची झालेली असतात. मात्र ते मोठ्यांसाठी आहे. टाइनकाठताई, ते तुम्ही स्वतःसाठी घ्या आणि लेकीच्या चार धडे पुढे राहा.

वसईकर

उच्चारांवर कुणीच बोललं नाही, म्हणून मी.

दोन पद्धती आहेत. एक प्राचीन रोमची, अभ्यासकांनी पुन्हा जुळवलेली: 'सी' हे अक्षर नेहमी 'क', आणि 'व्ही'चा उच्चार ओठ गोल करून केलेल्या 'व'सारखा. दुसरी चर्चची, इटालियन वळणाची: ए आणि इ पुढे 'सी'चा 'च' होतो. सिसेरो हे नाव एकीत किकेरो, दुसरीत चिचेरो. सीझर एकीत काइसार, दुसरीत चेसार. होमस्कूलवालींचं 'प्रिमा लातिना' चर्चच्या उच्चारांचं, 'मिनिमुस' प्राचीन. एक धरा आणि बदलू नका. तुमच्या मुलीला इ.स. १००चं पत्र वाचायचंय, म्हणजे प्राचीनच.

आमच्या वसईत साठच्या दशकापर्यंत मिस्सा (चर्चमधली उपासना) लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी आली. माझे आजोबा लहानपणी मिस्सात फादरांना उत्तरं देणाऱ्या मुलांत होते. 'आद देउम क्वी लेतिफिकात युवेन्तूतेम मेआम', माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवाकडे. वय नऊ, आणि तोंडात हे! अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता. म्हातारपणीही एक अक्षर चुकत नसे. आम्ही विचारलं की म्हणायचे, अर्थ देवाला माहीत आहे ना, मग झालं. जुनाजाणता सरांचा पक्ष त्यांनी नक्की घेतला असता.

आपल्या तोंडाला लॅटिन चांगलं बसतं, हेही सांगतो. इंग्रज माणूस 'प' म्हणताना हलकासा 'फ' करतो, 'त' म्हणताना 'ट'. आपले क, त, प, आणि खणखणीत 'र', जसेच्या तसे चालतात.

होमस्कूलवाली

वसईकर, फार सुंदर लिहिलंत. सासूबाईंना हा प्रतिसाद वाचून दाखवते.

पावसाळी_बेडूक

वाखूसा (वाचनखूण साठवली). नवऱ्याला विचारलं, आपणही शिकूया का? म्हणाला, आधी गाडीचा विमा भर.

टाइनकाठ

सगळ्यांचे आभार, आणि मधे बरेच दिवस गायब होते त्याबद्दल रागावू नका. थोडी हकिगत देते.

'मिनिमुस' आणलं. वेळ ठरवला नाही; न्याहारीच्या टेबलावर जेवढं होईल तेवढं. कार्डांचा खेळ अपादान म्हणाले तसाच झाला, फक्त 'चावतो'च्या जागी 'चाटतो' करावं लागलं, कारण मांजरीचा तिला पुळका. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर कार्डं दाखवून परीक्षा घेतली. आई कोल्हापूरची, मराठी शाळेत शिकवायची. तिला एका फटक्यात जमलं. आता आजी रोज विद्यार्थिनी आहे आणि चुकली की नात ओरडते, "आजी, मांजरी-ला!" हा 'ला' ऐकून मला काय वाटलं ते सांगत नाही.

घरात हुकूम लॅटिनमध्ये सुटतात. सुर्गे (ऊठ), सेदे (बस), दा मिही आक्वाम (मला पाणी दे). ताके म्हणजे गप्प बस, ते नवऱ्याने पहिल्या दिवशी शिकून घेतलं. एवढंच त्याचं लॅटिन.

कोष्टक अजून काढलेलं नाही. सर, काढीन.

आणि @ग्रंथकीटक, तुमच्या यादीत भर. विंडोलांडाच्या पट्ट्यांत एक शाळकरी पट्टी आहे. किल्लेदार केरिआलिसच्या घरातल्या मुलाचा धडा असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. व्हर्जिलच्या महाकाव्यातली एक ओळ वेड्यावाकड्या अक्षरात उतरवलेली, आणि पुढे दुसऱ्या हाताने 'सेग्'. म्हणजे बहुधा 'सेग्नितेर': ढिसाळ! मास्तरांचा शेरा. हे कुटुंब बटाव्हियन, आजच्या नेदरलँड्सकडचं. त्यांच्याही घरची भाषा लॅटिन नसणार.

ग्रंथकीटक

वा! म्हणजे मुलखाच्या टोकावर, परक्या भाषेचा गृहपाठ, आणि वर शेरा. तो पोरगा मोठा होऊन काय झाला असेल कोण जाणे.

फटकळ

सरकारी नोकर. दुसरं काय.

बाय द वे टाइनकाठ, 'ख'च्या पुढे गेलात का?

टाइनकाठ

'ण'पर्यंत. कारण लॅटिनचे शब्द तिला देवनागरीत लिहून हवे असतात, इंग्रजी अक्षरांवरून ती 'सिसेरो' वाचते. मात्र इथे एक अडलंय. मलुम (वाईट) आणि मालुम (सफरचंद) यांत अ-आ दाखवता येतो, झकास. पण 'एस्त' म्हणजे 'आहे' आणि 'एस्त' म्हणजे 'खातो', यांत ए ऱ्हस्व की दीर्घ ते देवनागरीत कसं दाखवू?

अपादान

आपल्या ए आणि ओ ला लांबी-आखूड दाखवायची सोय नाही. दीर्घ असेल तिथे अक्षराच्या खाली लाल पेन्सिलीने रेघ मारा. वर मारली तर शिरोरेघेत मिसळते. म्हणताना खाण्याचा 'एस्त' दुप्पट लांब म्हणा. चॉकलेट हातात धरून म्हणा, लगेच लक्षात राहील.

वसईकर

चॉकलेटला लॅटिन शब्द काय देणार, ते आधी ठरवा. रोमनांनी पाहिलंच नव्हतं.

अपादान

व्हॅटिकनवाल्यांनी कधीच ठरवला असेल. तोवर मालुम द्या, सफरचंद.